मुलाला नेमके कोणाला दाखवावे? बालमानसिक आरोग्यातील तज्ज्ञ आणि निदानाची वाट

तिसरीतल्या मुलाच्या वहीत बाईंची चिठ्ठी येते : ‘लक्ष नसते, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, जागेवर बसत नाही.’ आजी म्हणते, वयच तसे आहे. शेजारी एखादा समुपदेशक सुचवतात. आणि आईवडील रात्री मोबाइलवर शोधू लागतात, तेव्हा त्या एका तक्रारीला चार-पाच आजारांची नावे चिकटलेली दिसतात. अशा वेळी बहुतेक पालक ‘आमच्या मुलाला काय झाले आहे?’ एवढाच प्रश्न घेऊन बाहेर पडतात. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हवा : आत्ता आपल्याला काय हवे आहे? तपासणी, चाचणी, औषध, शिकवण्याची वेगळी पद्धत, की प्रमाणपत्र? ही सगळी कामे एकच व्यक्ती करत नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबांची वर्षे चुकीच्या दारात जातात.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी आणि कान व डोळे आधी तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या मधल्या कानात पाणी साठले, तर त्याला वर्गात अर्धेच ऐकू येते आणि ते ‘दुर्लक्ष करणारे’ ठरते. अ‍ॅडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) वाढल्यामुळे रात्रभर घोरणारे मूल दिवसा चिडचिडे आणि अस्थिर असते. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता किंवा काही सेकंद शून्यात नजर लावणारी एक प्रकारची फिट, यांपैकी कशानेही मूल हरवल्यासारखे दिसू शकते. फिटची शंका असेल, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे लागते. बोलणे, चालणे, इतरांत मिसळणे यांपैकी काही लहानपणापासूनच मागे असेल, तर बालविकासाचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या बालरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

यानंतर दोन शब्दांचा गोंधळ दूर करायला हवा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात : एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले. आजाराचे वैद्यकीय निदान करणे आणि औषध देणे हे त्यांचे काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना आपण सर्रास क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, ते औषध देत नाहीत. बुद्धिमापन, वर्तनाचे मूल्यमापन, औषधाविना संवादातून केला जाणारा मानसोपचार आणि पालकांना मार्गदर्शन ही त्यांची कामे. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने स्थापन झाली असून तिची नोंदवही संकेतस्थळावर पाहता येते. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. पहिल्या भेटीत नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. चांगले तज्ज्ञ तो आपल्या अहवालावरच छापतात.

समुपदेशक या शब्दामागे मात्र दोन वर्षांची एम.ए. असू शकते किंवा काही आठवड्यांचा अभ्यासक्रमही. शाळेतील समुपदेशकाचे मोल मोठे आहे, कारण मुलाला वर्गात आणि मैदानावर तीच व्यक्ती पाहू शकते. पण ‘याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे’ असे तिने एका भेटीत सांगितले, तर ते निदान नसून पुढे तपासण्याचा इशारा समजावा. विशेष शिक्षक वाचन-लेखनातील नेमकी अडचण शोधून तिच्यावर शिकवणी बेततात, वाचा-उपचारतज्ज्ञ भाषा आणि उच्चारांवर काम करतात, तर व्यवसायोपचारतज्ज्ञ पेन्सिल धरणे, बटण लावणे, गोंगाट किंवा स्पर्श सहन न होणे अशा गोष्टींवर.

आता निदानाकडे येऊ. अतिचंचलता (एडीएचडी), स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण) यांपैकी कशाचेही निदान रक्ताच्या चाचणीने किंवा एमआरआयने होत नाही. या तपासण्या सांगितल्या गेल्या, तर त्या दुसरे कारण वगळण्यासाठी असतात. ते कोणते, हे विचारून घ्यावे. निदान होते ते इतिहास, निरीक्षण आणि चाचण्या एकत्र ठेवून. अतिचंचलतेचेच उदाहरण घेतले, तर प्रचलित निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, कमीत कमी सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. म्हणूनच शिक्षकांकडून प्रश्नावली भरून न घेता वीस मिनिटांत हे नाव उच्चारणाऱ्यांबद्दल मी साशंक असते. फक्त शाळेतच बेचैन होणारे मूल कदाचित वाचता येत नसल्याचे लपवत असते, किंवा त्याला कोणीतरी छळत असते.

वयाचाही विचार करावा लागतो. स्वमग्नतेची प्राथमिक चाळणी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असलेल्या वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीने करता येते. त्यामुळे ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत तीन-चार वर्षे थांबणे घातक आहे, आणि पक्क्या नावाची वाट पाहत उपचारही थांबवू नयेत. भाषेचा उपचार संशयाच्या टप्प्यावरही सुरू होतो. याउलट अध्ययन अक्षमतेचे निदान साधारण आठव्या वर्षानंतर करतात, कारण त्याआधी वाचन पुरेसे शिकवलेच गेलेले नसते. पहिलीतल्या मुलाला ‘डिस्लेक्सिया’चा, म्हणजे वाचनातील अक्षमतेचा, शिक्का मारणाऱ्या अहवालावर विसंबू नये, मात्र अक्षरओळखीसाठी मदत लगेच सुरू करावी.

ज्या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ती म्हणजे चाचणीची भाषा. आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी बिने-कामत बुद्धिमापन चाचणी मुळात कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतलेली होती, यामागे फार मोठी समज आहे. घरी अहिराणी, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती प्रमाण मराठीत मोजली, किंवा मराठी घरातून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाची इंग्रजीत मोजली, तर येणारा आकडा बुद्धीचा नसून भाषेच्या अंतराचा असू शकतो. म्हणून चाचणी कोणत्या भाषेत झाली हे अहवालात लिहून मागावे. नुसता बुद्ध्यांक लिहिलेला अहवाल अपुरा होय. कोणत्या चाचण्या घेतल्या, मुलाची बलस्थाने कोणती, अडचण कुठे, आणि घरी व वर्गात नेमके काय करायचे, हे त्यात असलेच पाहिजे.

भेटीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. दोन आठवडे एका वहीत नोंद ठेवावी : काय घडले, केव्हा, त्याआधी काय झाले होते आणि मूल कशाने शांत झाले. जन्माच्या वेळची फाइल, शाळेच्या वह्या, आधीचे अहवाल आणि त्रास होत असतानाचे एखादे छोटे चित्रीकरण सोबत असावे. घरात नुकतेच झालेले मृत्यू, भांडणे, स्थलांतर हे सांगायला संकोचू नये.

खर्चाची चिंता असलेल्यांनी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. हा कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असून त्याची पथके अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी वेगळे केंद्र आहे, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण व वाचेची तपासणी होते.

प्रमाणपत्र आणि उपचार यांची गल्लत करू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत; अतिचंचलतेचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर खासगी अहवाल पुरेसा नसतो, शासनमान्य केंद्राचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी रांग मोठी असते, म्हणून आठवी-नववीतच अर्ज करावा.

मूल मरण्याची भाषा बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले, खाणे सोडू लागले किंवा अचानक ओळखू येऊ नये इतके बदलले, तर वरचा सारा क्रम बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर अहोरात्र बोलता येते.

निदान झाल्यावर ते मुलाला कोणी सांगायचे, हे तज्ज्ञांच्या खोलीतच ठरवावे. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेले जाणारे मूल आपल्यात काहीतरी बिघडले आहे हे केव्हाच ओळखून बसलेले असते, आणि वर्गात ऐकलेला ‘ढ’ हा शब्द त्याने स्वतःसाठी मान्यही केलेला असतो. त्याला आजाराचे नाव आधी नको असते. ‘तुला अक्षरे वाचायला जास्त वेळ लागतो, म्हणून उद्यापासून बाई गणिताचे उदाहरण तुला वाचून दाखवतील, सोडवायचे मात्र तूच,’ एवढे त्याच्या शेजारी बसून सांगावे, आणि मग त्याला जे प्रश्न विचारायचे असतील ते विचारू द्यावेत.