नेब्रास्काच्या १९५० च्या विधिमंडळ निवडणुकीचा तक्ता करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या राज्यांच्या जुन्या निवडणुकांचे तक्ते करताना सगळ्यात जास्त घोळ नेब्रास्कात होतो. शेजारच्या राज्यासाठी केलेला साचा इथे बसतच नाही.

इथल्या विधिमंडळाच्या सदस्याला 'सिनेटर' म्हणतात; तो शब्द दिसला की लोक खालचं सभागृह शोधू लागतात. ते नाहीच. १९३४ च्या सार्वमतानं १३३ सदस्यांची दोन सभागृहं मोडीत काढली आणि १९३७ पासून राजधानी लिंकनमध्ये ४३ जणांचं एकच सभागृह भरू लागलं. मुदत तेव्हा दोन वर्षांची होती, त्यामुळे ७ नोव्हेंबर १९५० ला सगळ्या जागांसाठी मतदान झालं. निम्म्याच जागा धरल्या तर तक्ता तिथेच फसला.

खरी गडबड पक्षाच्या रकान्यात. मतपत्रिकेवर विधिमंडळाच्या उमेदवारापुढे पक्ष छापतच नसत, आपल्याकडे ग्रामपंचायतीला नसतो तसा. पण म्हणून सगळ्यांना 'अपक्ष' ठरवणं चूक, कारण त्यातले बहुतेक जण मतदार नोंदणीत (तिथे मतदार आपला पक्षही नोंदवतो) रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट म्हणूनच नोंदलेले असत. ती नोंदणी बघून 'रिपब्लिकनांना बहुमत' असं लिहिणंही चूक, कारण सभागृहात पक्षाचे गटच नव्हते. नोंदणीची माहिती हवीच असेल तर वेगळ्या रकान्यात द्या आणि बेरीज करू नका. मिनेसोटातही तेव्हा मतपत्रिका पक्षविरहित होती, पण तिथे सभागृहं दोन आणि लिबरल-कॉन्झर्व्हेटिव्ह असे उघड गट. तिथली पद्धत इथे चिकटवू नका. राज्यपाल मात्र पक्षाच्या नावावरच निवडला जाई. तेव्हाचे राज्यपाल वॅल पीटरसन रिपब्लिकन होते, ते बिनधास्त लिहा.

प्राथमिक फेरीतला पहिला म्हणजे विजयी नव्हे. त्या फेरीतले पहिले दोघं नोव्हेंबरात पुन्हा समोरासमोर येत, दोघंही एकाच पक्षाचे असले तरी. दोन्ही फेऱ्यांची मतं एकत्र करू नका. टक्केवारी त्या जागेला पडलेल्या मतांवरच काढा, राज्यपालपदाच्या मतांवर नको: वरची फुली मारून खालचा रकाना कोरा सोडणारे मतदार असतातच.

मतदारसंघांचे क्रमांकही दगा देतात. १९३५ ची आखणी थेट १९६३ पर्यंत चालली; ओमाहा शहर वाढत गेलं, गावांचं वजन तेवढंच राहिलं. नव्या आखणीत जागा ४९ झाल्या, त्यामुळे १९५० चा क्रमांक १९६४ च्या त्याच क्रमांकाशी जुळवण्याआधी दोन्ही नकाशांतली काउंटींची (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची) नावं ताडून बघा.