दह्याच्या पेटीचा कंट्रोलर बंद पडला असं वाटलं की आधी त्याच्या लाईट बघा

आमच्याकडे जुन्या सिंगल डोअर फ्रिजची दह्याची पेटी केलीय, आत १०० वॅटचा बल्ब गरम करायला आणि फ्रिजचा मूळ कंप्रेसर थंड करायला, आणि आतलं तापमान बघून दोघांना चालवतो तो एसटीसी-१००० नावाचा छोटा चौकोनी कंट्रोलर. रात्री विरजण लावून ४२ डिग्रीला ठेवायचं, दही लागलं की तोच आकडा ५ वर आणायचा. हा कंट्रोलर खूप जणांकडे असतो, कुणी अळंबीला वापरतं, कुणी फिश टँकला, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की "चालत नाहीये, बदलू का?" थांबा, बदलू नका, आधी समोरच्या लाईट बघा, निम्म्या वेळा त्यातच उत्तर असतं.

आकड्याच्या बाजूला तीन लाईट असतात, कूल, हीट आणि सेट. सेट लागलीय म्हणजे तुम्ही सेटिंगमध्ये आहात, एवढंच. बाकी दोन नीट समजून घ्या. कूल किंवा हीट लागली म्हणजे कंट्रोलरने आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढलाय, म्हणजे त्याच्याकडून हुकूम सुटलाय. पुढे कंप्रेसर खरंच चालू झाला का, बल्ब खरंच पेटला का, हे त्या लाईटला माहीतच नसतं. त्यामुळे लाईट एक सांगतेय आणि मशीन दुसरंच करतंय असं दिसलं की दोष बहुतेक कंट्रोलरच्या पुढच्या वायरिंगमध्ये शोधायचा.

सगळ्यात जास्त घाबरवते ती लुकलुकणारी कूल लाईट. लोडशेडिंगनंतर लाईट आली, आकडा दिसतोय, कूल उघडझाप करतेय आणि कंप्रेसर गप्प. हा बिघाड नाहीये! कंप्रेसर बंद झाल्या झाल्या लगेच चालू केला तर आतलं प्रेशर उतरलेलं नसतं, मोटर अडकते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवणारा स्विच, ट्रिप होतो, म्हणून कंट्रोलर मुद्दाम थांबतो. कंट्रोलरमध्ये एफ१ ते एफ४ अशी चार सेटिंग असतात, ही वेळ एफ३ मध्ये असते, कंपनीकडून ३ मिनिटं येते, १ ते १० पर्यंत बदलता येते, आम्ही जुना फ्रिज म्हणून ५ ठेवलीय. तेवढा वेळ चहा घ्या, पण बटणं दाबत बसू नका आणि मेन स्विच बंद-चालू तर अजिबात करू नका कारण दर वेळी मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

आता लाईट लुकलुकत नाही, सलग लागलीय, आत टक्क असा आवाजही आला, तरी कंप्रेसर ढिम्म. नवीन बसवलेला असेल तर आधी मागची जोडणी तपासा. मागे आठ टर्मिनल आहेत, १-२ ला सप्लाय, ३-४ ला सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. खूप जण समजतात की ७-८ मधून करंट बाहेर येतो आणि कंप्रेसरच्या दोन्ही वायरी तिथेच जोडतात. तिथून काहीच येत नाही हो, तो नुसता स्विच आहे. फेजची वायर सप्लायवरून लूप करून, म्हणजे तिथूनच एक जादा तुकडा काढून, ७ ला आणायची, ८ मधून कंप्रेसरला न्यायची आणि न्यूट्रल कंप्रेसरला सरळ द्यायचा. बल्बचं ५-६ ला तसंच. आमच्या पहिल्या जोडणीत हा लूपच राहिला होता आणि दोन दिवस आम्ही चांगल्या कंट्रोलरला नावं ठेवत होतो. लूप बरोबर असेल तर फ्रिजचा जुना थर्मोस्टॅट बघा, तो मध्येच राहिला असेल तर त्याचा नॉब सगळ्यात जास्त थंडवर करून ठेवा, नाहीतर तो आधीच कट करतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते, कंट्रोलरचं बटण बंद केलं म्हणजे मागे करंट नाही असं समजू नका, लूपमुळे ५ आणि ७ वर फेज असतोच. प्लग काढा, टेस्टर लावा, मगच स्क्रू ड्रायव्हर घ्या. आणि फ्रिजची बॉडी लोखंडी आहे तर अर्थिंग हवंच हवं.

हीट लागलीय आणि बल्ब नाही तर आधी बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून बघा, बहुतेक उडालेलाच असतो.

कधी कधी हीट आणि कूल आळीपाळीने लागत राहतात, बल्ब विझला की थोड्या वेळात कंप्रेसर, मग परत बल्ब. हा एफ२ चा खेळ आहे, एफ१ म्हणजे हवं ते तापमान आणि एफ२ म्हणजे त्याच्या किती खाली-वर गेल्यावर हुकूम सोडायचा तो फरक. एफ१ ला ४२ आणि एफ२ ला ०.५ असेल तर ४१.५ ला बल्ब पेटतो, ४२ ला विझतो, पण गरम झालेला बल्ब विझल्यावरही हवा तापवतो, आकडा ४२.५ ला गेला की कंप्रेसरला हुकूम. दही लागायच्या ऐन वेळी हे झालं तर घट्ट होत नाही. एफ२ वाढवून २ करा, आणि त्याहून सोपं म्हणजे दही लागेपर्यंत कंप्रेसरचा प्लग काढून ठेवा, थंड करताना बल्बचा. सेटिंगला एस बटण ३ सेकंद धरायचं, बाणाने एफ२ वर जायचं, एस धरून बाणाने आकडा बदलायचा आणि शेवटी पॉवरचं बटण एकदा दाबायचं. ते विसरलं तर जुनाच आकडा राहतो, यातच बरेच जण फसतात.

कूल तासन्‌तास विझतच नसेल तर सेन्सर कुठंय ते बघा. दाराबाहेर लोंबकळत असेल तर तो खोलीचे ३० डिग्री वाचतोय आणि आत दह्याचा बर्फ होतोय. हीटच्या वेळी उलटं, बल्ब विझतच नाही आणि विरजण मरतं.

बझर वाजतोय, दोन्ही लाईट विझल्यात आणि ईई दिसतंय म्हणजे सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, आमच्याकडे उंदरांनी कुरतडली होती. कुठलंही बटण दाबून आवाज थांबतो, बिघाड नाही जात. सेन्सर काढून मल्टीमीटरने मोजा, २५ डिग्रीला साधारण १० किलोओहम हवा आणि मुठीत धरला की आकडा खाली यायला हवा. नवीन १० किलोओहमचा सेन्सर मिळतो, ३-४ मध्ये उलटसुलट कसाही लावा. लावल्यावर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, ० दाखवत नसेल तर फरक एफ४ मध्ये भरा.

खरोखर कंट्रोलर बदलायचा तो दोन-तीन वेळाच. कूल विझलीय तरी कंप्रेसर चालूच, म्हणजे रिले चिकटला, प्लग लगेच काढा. किंवा ई१ दिसलं तर मेमरी गेली. किंवा सप्लाय येतोय, पॉवर बटण धरूनही आकडा नाही, लाईट नाही. नवीन घेताना मागे २२० व्होल्ट लिहिलंय ना ते वाचा, १२ व्होल्टचाही अगदी असाच दिसतो आणि घरच्या लाईनला लावला की जळतो. जुन्याचे एफ१ ते एफ४ चारही आकडे आत्ताच दाराच्या आतून चिकटपट्टीवर लिहून ठेवा, म्हणजे नवीन बसवला की त्याच रात्री विरजण लावता येईल.