चरबी उतरवताना फळं कशी खावीत: वाटा, वेळ आणि आमरसाचा हिशेब

वजन उतरवायचं ठरलं की काही जण केळं, चिकू, आंबा, द्राक्षं एकदम बंद करतात, तर काही जण रात्रीचं जेवण सोडून परातभर फळं खातात. दोन्ही मार्ग फार दिवस टिकत नाहीत. कुठलंही एक फळ चरबी वाढवत नाही की वितळवतही नाही. दिवसभरात पोटात किती गेलं आणि किती खर्च झालं, यावर सगळं ठरतं. फळाचा उपयोग होतो तो दुसऱ्या एखाद्या पदार्थाची जागा त्याने घेतली तर.

आधी काय काढायचं ते ठरवा

१ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज सुमारे ५५० कॅलरींची तूट लागते. नेहमीच्या खाण्यात काहीही न बदलता वर दोन फळं घेतली, तर त्यातल्या २०० कॅलरी परत आल्या. म्हणून आपल्या दिवसातली फळाची जागा आधी शोधा. बहुतेक घरांत ती चारच्या चहाजवळ सापडते. मूठभर फरसाण, म्हणजे ३० ग्रॅम, १५० कॅलरींच्या पुढे जातं आणि दोन मिनिटांत संपतं. मध्यम पेरूत १०० कॅलरी असतात आणि तो चावायला दहा मिनिटं लागतात. जेवणानंतर गोड लागत असेल, तर तीही फळाची चांगली जागा आहे.

१०० कॅलरींचा एक वाटा धरा

रोज असे दोन वाटे बहुतेकांना पुरतात. साल आणि बी काढल्यावरचं वजन धरायचं. अंदाजाने एक वाटा असा होतो: पेरू १५० ग्रॅम, सफरचंद १९० ग्रॅम, संत्र्याच्या फोडी २०० ग्रॅम, पपई २३० ग्रॅम, कलिंगड ३०० ग्रॅम, स्ट्रॉबेरी ३०० ग्रॅम, द्राक्षं १४५ ग्रॅम, डाळिंबाचे दाणे १२० ग्रॅम, चिकू १२० ग्रॅम, सीताफळाचा गर १०० ग्रॅम, फणसाचे गरे १०५ ग्रॅम. मोठं केळं एक, वेलची केळी दोन. पहिले आठ-दहा दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. मग डोळ्यांना सवय होते आणि काट्याची गरज उरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरींच्या दिवसासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. फळं यापेक्षा थोडी जास्त झाली तरी चालतील. पण त्यासाठी पालेभाजी किंवा कोशिंबीर ताटातून कमी करू नका.

सगळ्यांत कामाचं फळ पेरू. १०० ग्रॅमला सुमारे ५ ग्रॅम तंतू, साल-बियांसकट खाता येतो, स्वस्तही आहे. कलिंगडात कॅलरी कमी असतात, पण तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे तासाभरात पुन्हा भूक लागते. द्राक्षांचा घोटाळा वेगळाच: गप्पा मारताना अर्धा किलो सहज संपतात आणि ३५० कॅलरी जातात. म्हणून घड समोर न ठेवता वाटीत काढून घ्या.

चावून खा, पिऊ नका

मोसंबीच्या एका पेल्याला तीन-चार फळं लागतात. चोथा गाळून टाकला जातो आणि रस अर्ध्या मिनिटात संपतो. दुकानात त्यात साखर पडते ती वेगळीच, एका चमच्याला २० कॅलरी. चिकूचं मिल्कशेक तर जेवणच समजा: दोन चिकू, पेलाभर सायीचं दूध आणि तीन चमचे साखर मिळून ४०० च्या आसपास. शिकरणाऐवजी बिनसाखरेच्या दह्यात केळ्याचे काप घाला.

सुक्या फळांत पाणी गेलेलं असतं. ३० ग्रॅम मनुक्यांत ९० कॅलरी येतात, तेवढ्यातच १३० ग्रॅम ताजी द्राक्षं होतात. केळ्याचे वेफर्स तळलेले असतात. त्यांना फळ धरू नका.

सोबत प्रथिनं हवीतच

रात्री फक्त फळं खाण्याचा तोटा इथे आहे. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. मोठ्या बशीभर पपई-सफरचंदात जेमतेम २ ग्रॅम असतात. दहा वाजता भूक लागते, डबे उघडले जातात, आणि असं महिनोन् महिने चाललं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वाटीभर उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा पनीर खा, पोळी एक कमी करा आणि मग फळ घ्या.

वेळेचे नियम मात्र मनावर घेऊ नका. रात्री खाल्लेल्या फळाची खास वेगळी चरबी होत नाही. रिकाम्या पोटीच खावं असंही नाही. एक युक्ती करून पाहण्यासारखी आहे: जेवणाआधी पंधरा मिनिटं सफरचंद खाणं. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या २००९ मधल्या प्रयोगात असं केल्यावर सफरचंद धरूनसुद्धा एकूण खाणं १५ टक्क्यांनी घटलं. तेवढ्याच कॅलरींच्या रसाने तो परिणाम मिळाला नाही.

आंब्याचे दोन महिने

आंबा सोडू नका. २५० ग्रॅमच्या हापूसमध्ये गर दीडशे ग्रॅमच्या आसपास निघतो, म्हणजे एक वाटा. बिनसाखरेचा वाटीभर आमरसही तेवढाच. गडबड होते ती पुढे: दोन चमचे साखर ४०, चमचाभर तूप ४५, चार पुऱ्या ३०० च्या वर, आणि आग्रहाने वाढलेली दुसरी वाटी. रसाच्या दिवशी हे करा: साखर नको, वाटी एकच, पुरीऐवजी तूप न लावलेल्या दोन पोळ्या, भात नाही, आणि सोबत मटकीची उसळ. त्या दिवशी दुसरं गोड फळ घेऊ नका. एरवी फोडी कापून खाल्ल्या तर रसापेक्षा कमी खाल्लं जातं. डबाबंद रसात बहुधा साखर असते, लेबल वाचून घ्या.

उपवासाच्या दिवशी

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचं कूट आणि तूप पडलं की खिचडीची भरलेली बशी सहज ४०० च्या वर जाते. त्याऐवजी एक वाटा फळ, वाटीभर दही आणि मोजून २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे घ्या. दुसऱ्या वेळी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घालून खा.

कोणी विचारून खावं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर फळांचे वाटे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एका वेळी एकच वाटा आणि रस टाळणं, हे तिथे जास्तच महत्त्वाचं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर केळ्यासारख्या फळांतलं पोटॅशियम त्रासदायक ठरू शकतं. अशा रुग्णांनी करमळ, म्हणजेच स्टारफ्रूट, अजिबात खाऊ नये. त्यातलं विष शरीराबाहेर टाकणं आजारी मूत्रपिंडाला जमत नाही आणि ते मेंदूवर परिणाम करतं.

तीन आठवड्यांनी

आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी वजन आणि कमरेचा घेर टिपून ठेवा. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर फळं तोडायची घाई करू नका. आधी चहातली साखर मोजा, महिन्याचं तेल किती संपतं ते बघा आणि चारच्या चहाला फरसाण परत आलं नाही ना, ते तपासा.