मुलांच्या मनाविषयी बोलायला नामवंत पाहुणे बोलावण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी आमच्या पालक-शिक्षक संघाने नाशिकमधल्या एका शाळेत एका लोकप्रिय कलाकाराचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता परीक्षेचा ताण. सभागृह भरले, टाळ्या झाल्या, सेल्फी झाल्या, आणि व्यासपीठाशेजारी ठेवलेली प्रश्नपेटी कार्यक्रमानंतर कार्यालयातल्या कपाटावर जाऊन बसली. ती उघडली गेली दिवाळीच्या सुट्टीनंतर. आत वहीच्या पानाची एक चतकोर चिठ्ठी होती, ‘मला रात्री झोप येत नाही, कोणाला सांगू?’ खाली इयत्ता व तुकडी लिहिलेली होती आणि नाव लिहून पुन्हा गिरगटून टाकलेले होते. पुढे लिहिलेले सर्व त्या चिठ्ठीवरून सुचलेले आहे, आणि त्याचा क्रम मुद्दाम उलटा आहे: पाहुण्यांची तारीख सर्वांत शेवटी ठरवावी.

आधी ठरवावे ते हे, की व्याख्यान ऐकून धीर आलेले मूल दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणाकडे जाईल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे अपेक्षित आहे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर व्यवस्था लावून घ्यायची आहे. आपल्या शाळेत अशी व्यक्ती असेल, तर तिचा वार, वेळ आणि खोली मुलांना ठाऊक आहे का, हे वर्गात जाऊन विचारावे. सूचनाफलकावर लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. नसेल, तर मुलांकडूनच निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात: ‘अडचण आली तर शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाला सांगावेसे वाटेल?’ उत्तरात बहुधा अनपेक्षित नावे येतात. कधी चित्रकलेच्या बाई, कधी ग्रंथपाल, एखादे वेळी शिपाईमामा. ज्यांची नावे वारंवार येतील त्यांना विचारून, त्यांच्या तासिकांचा भार थोडा हलका करून, ऐकण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे आणि कोणती गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची आहे हे ओळखायला त्यांना एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून शिकवून घ्यावे. बसण्याची जागा मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी नसावी, कारण तिथे जाणारे मूल ‘काहीतरी करून आलेले’ समजले जाते.

शाळेबाहेरची दारेही आधीच वाजवून पाहावीत. ‘टेली-मानस’ ही मानसिक त्रासात फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून ती विनामूल्य आहे, रात्रीअपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते. बालकांसाठी 1098 ही मदतवाहिनी आहेच. संघातल्या कोणीतरी स्वतः फोन लावून, पलीकडून काय विचारले जाते हे ऐकून ठेवावे, म्हणजे मुलांना सांगताना नुसता आकडा न सांगता ‘असे असे विचारतील, नाव सांगितलेच पाहिजे असे नाही’ इतके तरी सांगता येईल. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे बाह्यरुग्ण दिवस विचारून तेही नोंदवून ठेवावेत. शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची ‘सखी सावित्री’ समिती शासननिर्णयानुसार असायलाच हवी. ती कागदावर असेल तर या निमित्ताने तिची एक खरी बैठक घ्यावी.

आता पाहुणे. प्रसिद्ध माणसाचा उपयोग काय, हे नीट समजून घेतले तर निवड सोपी होते. दीपिका पदुकोण यांनी 2015 मध्ये आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले, त्याच वर्षी त्यांची ‘लिव्ह लव्ह लाफ’ संस्था उभी राहिली, आणि पुढे त्या संस्थेने शाळांमधून मुलांशी व शिक्षकांशी बोलण्याचा कार्यक्रम चालवला. इंग्लंडमध्ये राजघराण्यातल्या केट या 2013 पासून ‘प्लेस टू बी’ या संस्थेच्या आश्रयदात्या आहेत. पण ती संस्था त्याच्या कितीतरी आधीपासून शाळांतच समुपदेशक बसवत आली आहे, आणि 2015 पासून तिथे पाळला जाणारा मुलांच्या मानसिक आरोग्याचा सप्ताह तिचाच. दोन्हीकडे नाव मोठे आहे आणि नावाच्या मागे रोजचे काम करणारी माणसे आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली गोष्ट मिळते आणि दुसरीचा पत्ता नसतो.

मुंबईहून तारका आणण्याचा हट्टही करू नये. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे नौकानयनपटू दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळले. 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या शर्यतीत त्यांना पदक मिळाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. यात मानसिक आरोग्य हा शब्द कुठेही नाही. पण हरल्याच्या रात्री माणूस काय करतो, कोणाशी बोलतो, हे आठवीच्या मुलांना अशाच माणसाकडून ऐकावेसे वाटते. निवडीची माझी कसोटी एकच आहे: हा माणूस मदत मागितल्याचा प्रसंग सांगू शकेल का? ‘सकारात्मक राहा, मोबाईल कमी करा’ एवढेच सांगणाऱ्याला बक्षीस समारंभासाठी बोलवावे. निवडणुका जवळ असतील तर लोकप्रतिनिधींना टाळावे, नाहीतर वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात मुले दिसतच नाहीत.

होकार आल्यावर पत्राबरोबर एक पानाचे टिपण पाठवावे आणि फोनवर त्याची पुन्हा आठवण द्यावी. संकोच करू नये. बहुतेक पाहुण्यांना याचा आधारच वाटतो. टिपणात इतके असावे: बोलणे अर्धा तास, प्रश्नोत्तरे तेवढीच. आत्महत्येचा उल्लेख आलाच तर पद्धत किंवा ठिकाण सांगू नये, आणि ‘नापास झाला म्हणून’ असे एकच कारण जोडू नये. स्वतःचा अनुभव सांगताना सर्वांत आधी कोणाला सांगितले आणि त्या व्यक्तीने काय केले, यावर अधिक वेळ द्यावा. ‘कोणाकोणाला ताण येतो, हात वर करा’ असे विचारू नये. शेवटी शाळेतल्या ऐकणाऱ्या व्यक्तींची नावे पाहुण्यांनी स्वतःच्या तोंडाने घ्यावीत. ही एक गोष्ट झाली तरी निम्मे काम होते.

तारखेबद्दल थोडक्यात: 10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन मोहक वाटतो, पण तेव्हा सहामाही परीक्षा आणि लगेच सुट्टी असते. ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचा पंधरवडा बरा. जागेबद्दल मात्र मी आग्रही आहे. कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात आठ शाळांची मुले एकत्र बसवली की तो सोहळा होतो. शाळेच्याच सभागृहात दोन इयत्ता बसवल्या की मुले प्रश्न विचारतात. वर्गशिक्षकांनी मुलांमध्ये बसावे, मागच्या रांगेत पेपर तपासू नयेत. कोणी मूल रडू लागले तर त्याच्याबरोबर बाहेर कोण जाणार हे आधी ठरलेले असावे, आणि त्या वेळी कॅमेरा बंद असावा.

प्रश्नपेटी त्याच दिवशी सायंकाळी दोघांनी मिळून उघडावी. चिठ्ठ्या तीन गठ्ठ्यांत जातात: पाहुण्यांविषयीच्या, अभ्यासाविषयीच्या, आणि ज्या वाचताना आपण थांबतो त्या. तिसऱ्या गठ्ठ्यासाठी दुसऱ्याच दिवशी सकाळी परिपाठात, नाव न घेता, कोणत्या खोलीत कोण किती वाजता बसले आहे ते सांगावे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र मुलाला देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ती कळवणे बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावेच लागते. ‘सांगावे लागले तर आधी तुला सांगेन’ हे वचन खरे असते व पाळता येते.

पालकांची बैठक पंधरा दिवसांच्या आत व्हावी आणि ती रविवारी असावी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणारे पालक आठवड्यात येत नाहीत, आणि निफाड-दिंडोरीकडचे पालक द्राक्षांच्या तोडणीत अडकले की मार्चपर्यंत हाताला लागत नाहीत. आमच्या दुसऱ्या खेपेला बैठक संपल्यावर खुर्च्या उचलताना एका वडिलांनी हळूच विचारले, ‘ती खोली फक्त मुलांसाठीच आहे का?’ त्यांना आम्ही 14416 हा क्रमांक लिहून दिला.