स्मार्ट स्विच घेण्याआधी बोर्ड उघडून पाहा

फोंडा-डिचोलीकडच्या जुन्या चिऱ्यांच्या घरात दिवे-पंखे स्वयंचलित करायचे असतील, तर अ‍ॅप कसे दिसते हे पाहण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून, मेन स्विच बंद करून, प्रत्येक बोर्ड उघडून घ्यावा आणि त्यात न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार आहे का, हे तपासावे. ज्या बोर्डावर प्लगचे सॉकेट असते तिथे ती मिळते. नुसत्या दिव्या-पंख्याच्या बोर्डात मात्र पुष्कळदा केवळ फेजच (वीज आणणारी तार) आलेली असते, आणि बहुतेक स्मार्ट स्विच न्यूट्रलवाचून चालत नाहीत.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे इंटरनेट बंद पडल्यावर यंत्रणा काय करणार. पावसाळ्यात वीज आणि ब्रॉडबँड दोन्ही बेभरवशाची होतात, म्हणून ज्या यंत्रणेचे आदेश दूरच्या सर्व्हरवर न जाता घरातल्याच हबवर, म्हणजे सगळी उपकरणे जोडणाऱ्या छोट्या पेटीवर, चालतात (झिगबी या बिनतारी पद्धतीने जोडली जाणारी उपकरणे आणि होम असिस्टंट हे घरातच चालणारे सॉफ्टवेअर ही मला त्यासाठी उत्तम जोडी वाटते), तीच निवडावी आणि हब व राउटर छोट्या यूपीएसवर ठेवावेत. चिऱ्यांच्या जाड भिंतींतून रेडिओलहरी क्षीण होतात, तेव्हा हब घराच्या मध्यभागी ठेवून वाटेत एखादा झिगबी स्मार्ट प्लग लावावा. तो संदेश पुढे पोहोचवतो, बॅटरीवरचे सेन्सर सहसा पोहोचवत नाहीत.

२००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचाच स्विच हवा. भिंतीवरची बटणे मात्र काढू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन हातात न घेता दिवा लावता आलाच पाहिजे.