वारी चित्रित करायला निघण्याआधी

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. दोघातिघांनी मिळून एका कॅमेऱ्यावर या वाटेचा छोटा माहितीपट करायचा असेल, तर तयारी महिनाभर आधी धरा आणि पहिल्यांदा माणसं गाठा. रथापुढे २७ दिंड्या चालतात, मागे त्याहून कितीतरी जास्त. त्यांतली एक निवडा, दिंडीप्रमुखांना घरी जाऊन भेटा, काय करणार ते नीट सांगा. त्यांच्या ट्रकमध्ये एक बॅग ठेवायला आणि राहुटीत पाठ टेकायला जागा मिळेल का, हेही तेव्हाच विचारा. एकाच दिंडीबरोबर चाललात की तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक कॅमेऱ्याकडे बघायचं सोडतात, आणि खरं चित्रण तिथून सुरू होतं. पहाटे टँकरपाशी बायका आंघोळीला जमतात, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही; हे टीममधल्या प्रत्येकाला निघतानाच बजावून ठेवा.

आता आवाज. कॅमेऱ्याच्या आधी त्याचा हिशेब करा, कारण वारी डोळ्यांइतकीच कानांनी भेटते. वेगळा रेकॉर्डर हवाच, ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे हळू आणि मोठा दोन्ही आवाज न फाटता टिपणारा, मिळाला तर उत्तम. टाळाचा ठोका इतका तीक्ष्ण असतो की बोलण्यासाठी लावलेल्या पातळीवर तो फाटतोच. साधा रेकॉर्डर असेल तर गेन, म्हणजे आवाज किती उचलायचा ती पातळी, हाताने लावा, सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि सोय असल्यास दुसरा ट्रॅक त्याहून १० डेसिबल खाली ठेवा. टाळकऱ्यांच्या पुढ्यात माइक धरलात तर टाळ गाणाऱ्यांचा गळा खाऊन टाकतो. पखवाजाच्या अंगाला, दहा-बारा फुटांवर उभं राहून बघा. दिवे घाटात वारा सुटतो, तेव्हा माइकवर केसाळ आवरण चढवलेलं असू द्या. साधा फोम तिथे पुरत नाही.

अभंग सुरू झाला की रेकॉर्डर शेवटपर्यंत बंद करायचा नाही. तेवढ्या वेळात कॅमेरेवाल्याने पाय, पताका, तुळशीवृंदावन, चेहरे असे तुकडे घ्यावेत, मात्र सगळे त्याच अभंगात. पुढे पुढे लय चढत जाते. दुसऱ्या दिवशीचा टाळ आजच्या आवाजावर बसत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवा, त्यावरून जुळवणी सोपी होते. दोन्ही यंत्रांची तारीख-वेळ रोज सकाळी सारखी करून घ्या.

कॅमेऱ्यावर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रात्री कीर्तनाच्या मंडपात बहुतेक दिवे लुकलुकणार नाहीत. दिवसा हेच शटर टिकवायला एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच, लागेल. ऑटो एक्सपोजर पूर्ण बंद करा: पांढऱ्या सदऱ्यांची रांग फ्रेममध्ये शिरली की कॅमेरा उजेड कमी करतो आणि सावळे चेहरे काळवंडतात. चेहरा बघून उजेड लावा, मग झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) लावून सदऱ्याचा पांढरा जळत नाही ना, ते तपासा. ट्रायपॉड घरीच राहू द्या. गर्दीत त्याचे तीन पाय कुणाच्या तरी पायात येतात. एका पायाचा मोनोपॉड पुरेसा. पावसासाठी प्लास्टिकची टोपी, चार-पाच कोरडी सुती फडकी आणि बॅगेत सिलिका जेल.

रस्त्याची एकच बाजू धरा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डावीकडून उजवीकडे चालणारी दिंडी पलीकडून टिपलीत, तर संकलनात अर्धे वारकरी पंढरपूरला निघालेले आणि अर्धे परतणारे दिसतात. बाजू बदलावीच लागली, तर मध्ये दिंडी थेट समोरून येतानाचा एक शॉट घ्या.

रिंगणाला तासदोन तास आधी पोचा. अश्व काही क्षणांत समोरून निघून जातो आणि लगेच लोक टापांखालची माती घ्यायला धावतात. फोकस मैदानातल्या एका पताकेवर हाताने लावून तिथेच थांबा. घोड्यामागे कॅमेरा फिरवायचा मोह आवरा. माती कपाळाला लावणारे हात घोड्याइतकेच महत्त्वाचे, त्यांच्यासाठी कार्डात जागा राखून ठेवा.

सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलंत तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. दिवसाचे तीन तास धरले तरी रोजचे १३५ जीबी झाले. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत काढा, एक ट्रकमध्ये आणि एक तुमच्या अंगावर. दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. फोल्डरला दिवस आणि मुक्कामाचं नाव द्या, आणि झोपण्याआधी वहीत दहा ओळी लिहा: कोण बोललं, कशाबद्दल, कोणत्या क्लिपमध्ये. दोन महिन्यांनी संकलनाला बसाल तेव्हा हीच वही उघडाल.

शेवटचं, मुक्कामाला होणाऱ्या समाजआरतीचं. पालखीतळावर दिंड्या जमतात, चोपदार दंड उंचावून हाक देतात आणि टाळ-मृदंग एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. माझ्या पहिल्या वर्षी ऑटो गेन चालू राहिला होता. सगळं शांत झालं आणि त्या गेनने लांबच्या जनरेटरची घरघर वर उचलली. ती शांतता माझ्याकडे आजही नाही. म्हणून तळावर तासभर आधी जा, जनरेटर कुठे आहे ते पाहून त्याच्याकडे माइकची पाठ करा, गेन हाताने लावून त्याला टेप चिकटवा, बॅटरी आणि कार्ड नवं घाला. दंड वर जाण्याच्या दहा मिनिटं आधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि आरती संपून माणसं पांगेपर्यंत बटणाला हात लावू नका.