हाताची खूण कागदावर कशी लिहावी

‘व्हिडिओ आहे की, मग लिहायचं कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी फोनमध्ये कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेतल्या शंभरेक खुणांचे व्हिडिओ साठवावेत आणि त्यातली नेमकी एक शोधून दाखवावी. लिहिलेली खूण डोळ्यांसमोर राहते, शेजारच्या खुणेशी ताडून बघता येते.

लिपी कुठली घ्यायची? भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये मांडलेली चिन्हं अमेरिकन सांकेतिक भाषेसाठी होती. जर्मनीतली हॅमनोसिस ही लिपी संशोधकांना आणि संगणकाला सोयीची, पण वाचताना चिन्हांची लांबलचक माळ उलगडत बसावं लागतं. वहीत हाताने लिहायचं असेल तर साइनरायटिंगच घ्या. आधी नृत्यासाठी लिपी केलेल्या व्हॅलरी सटन यांनी ती १९७४ मध्ये घडवली. गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल पुरे.

हाताचा आकार सोपा आहे. मूठ म्हणजे चौकोन, त्यातून निघालेली रेघ म्हणजे बोट. खूण करणाऱ्याला स्वतःचा तळवा दिसत असेल तर चिन्ह कोरं, हाताची पाठ दिसत असेल तर काळं, कड दिसत असेल तर अर्धं काळं. नजर कायम खूण करणाऱ्याची, समोर बसून बघणाऱ्याची नाही.

आता हालचाल. बहुतेकजण इथेच वही मिटतात, आणि मलाही सगळ्यात जास्त याच टप्प्याने झुंजवलं. कागदाला वर-खाली आहे, डावं-उजवं आहे, पण पुढं-मागं नाही. हात डोक्याकडे गेला तरी बाण कागदावर वर जातो आणि समोरच्या माणसाकडे गेला तरी वरच जातो. फरक सगळा बाणाच्या दांड्यात. भिंतीला समांतर, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या हालचालीला दुहेरी दांडा. जमिनीला समांतर, म्हणजे पुढं-मागं जाणारीला एकेरी.

कोल्हापूरच्या गंगावेशीतले माझ्या ओळखीचे एक कर्णबधिर शिंपीमामा ‘मी तुला देतो’ असं सांगतात तेव्हा जुळलेली बोटं छातीपासून सरळ समोर जातात. ‘तू मला दे’ म्हणताना तोच हात उलटा स्वतःकडे येतो. भारतीय सांकेतिक भाषेत कोण कुणाला देतंय हे हात कुठून कुठे गेला यावरून कळतं. समोरून घेतलेल्या व्हिडिओत मात्र तो हात जागचा हललाय असं वाटतच नाही, नुसता किंचित मोठा दिसायला लागतो. शिकाऊ माणूस अंदाजाने दुहेरी दांड्याचा बाण काढतो आणि वाचणारा हात सरळ आभाळाकडे नेतो. घ्यायचं कुणाकडून, द्यायचं कुणाला, सगळंच गेलं! इथे एकेरी दांडाच हवा: देताना टोक कागदावर वर, घेताना खाली.

‘पुढं जाणारा बाण जाड काढा’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तसं लिहिलेलं फक्त तुम्हालाच कळेल. शंका आली की हात स्वतः हलवून बघा. समोरच्या भिंतीवरून तो वर सरकवता येतो का, की टेबलावरून पुढं? भिंत असेल तर दुहेरी, टेबल असेल तर एकेरी. चित्रीकरण करताना दुसरा फोन खांद्याच्या उंचीवर बाजूला लावाच. एकच फोन असेल तर खूण दोनदा करून घ्या, एकदा समोरून आणि एकदा बाजूने.

आणखी एक घोटाळा. हाताच्या चिन्हात बोटांच्या मुळाशी सोडलेली फट सांगते की पंजा जमिनीला समांतर आहे. ती पंजाची ठेवण झाली, हालचालीची दिशा नव्हे. आडवा पंजा सरळ वरही जाऊ शकतो, तेव्हा फटही येईल आणि दुहेरी दांडाही. फट दिसली म्हणून एकेरी बाण, असं डोळे झाकून करू नका.

बाकीचं पटकन होतं. उजव्या हाताच्या बाणाचं टोक काळं, डाव्याचं कोरं. स्पर्शाला तारा, पकडीला अधिकचं चिन्ह. चेहरा विसरू नका, कारण भुवया बदलल्या तर विधानाचा प्रश्न होतो. खुणा एकाखाली एक, उभ्या रकान्यात लिहा.

शेवटी वही अशा माणसाकडे द्या, ज्याला लिपी येते पण ज्याने ती खूण पाहिलेली नाही. त्याला करून दाखवायला सांगा आणि मूळ खूण करणाऱ्याला शेजारी बसवा. तुम्ही मधे बोलू नका, हाताने सुचवूही नका. मूळ खूण करणाऱ्याने होकारार्थी मान हलवली नाही तर आधी बाणाचा दांडा तपासा.